शिफारसपत्रात ‘काळीज’ कसं लिहायचं?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: पत्र लिहिणारे कोल्हापुरातल्या एका तालमीत सहा वर्षं सहायक प्रशिक्षक आहेत. तालमीतल्या दोन मल्लांचे अर्ज एका मानधन योजनेसाठी जायचे आहेत आणि निवड एकाचीच होईल. एक १८ वर्षांचा, ६१ किलो गटातला. दुसरा १९ वर्षांचा, ७० किलो गटातला. प्रत्येक अर्जासोबत प्रशिक्षकानं मल्लाची ‘क्षमता’ आणि ‘स्वभाव व चारित्र्य’ यांवर पानभर मत द्यायचं आहे. वस्तादांचं मत ठाम आहे: “एकसष्टचा जिगरबाज हाय, रक्तातच कुस्ती हाय त्येच्या. सत्तरच्याकडं ताकद हाय, डोकं हाय, पर काळीज न्हाई.” हे ते सगळ्या पोरांसमोर म्हणतात. पोरांनी सत्तरच्याचं नाव ‘बर्फ’ ठेवलंय. वाचकांना वाटतं की तो गुणी आणि हळवा आहे, या बोलण्यानं खचलाय, आणि म्हणूनच दोन महिन्यांपासून सकाळी उशिरा येतोय. एकसष्टच्याबद्दल त्यांची काही तक्रार नाही, “तो तर खांद्याला पट्टी बांधूनही लढतो.” अर्जाला तीन आठवडे आहेत. वस्ताद सांगतात तसं लिहावं की स्वतःला वाटतं तसं? आणि शाबासकीनं पोरं बिघडतात, हे वस्तादांचं म्हणणं खरं का?

---

नमस्कार,

तुमच्या पत्रात दोन मतं आहेत. वस्ताद म्हणतात, सत्तरच्याला काळीज नाही. तुम्ही म्हणता, तो गुणी आहे, हळवा आहे. ऐकायला ही मतं एकमेकांविरुद्ध वाटतात, पण त्यांची घडण एकच आहे. दोघंही पोराच्या आत काय आहे ते सांगताय. कुठल्या कुस्तीत, कितव्या मिनिटाला, गुण किती असताना, समोर कोण असताना तो थंड पडला, याचा तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात एकही उल्लेख नाही. अर्ज वाचणाऱ्यांना मात्र तेच हवं असतं. ‘जिगरबाज’, ‘होतकरू’, ‘शिस्तप्रिय’ हे शब्द कुणाच्याही अर्जात बसतात, म्हणून ते वाचून दोन पोरांत फरक करता येत नाही.

तेव्हा वस्तादांची बाजू घ्यायची की स्वतःची, हा निवाडा तूर्त बाजूला ठेवा. दोघांपैकी कुणाचंच मत अजून लिहिण्याजोगं झालेलं नाही.

‘काळीज नाही’ हे तालमीत कधी म्हटलं जातं, ते आठवून बघा. बहुतेक वेळा पोरगं पुढं असताना हरलं की. दुसऱ्या फेरीत हात खाली आले, समोरच्यानं पट काढला (पायांवर झडप घातली) तरी पाय वेळेवर मागं गेले नाहीत, शेवटची तीस सेकंदं नुसता गोल फिरत राहिला. बघणाऱ्याला हे भ्यायल्यासारखं दिसतं. पण हुबेहूब असंच दिसायला दुसरी चार-पाच कारणं पुरेशी असतात, आणि ती तपासता येतात. स्वभाव तपासता येत नाही. म्हणून त्याच्यापाशी सगळ्यात शेवटी यायचं.

सुरुवात वजनापासून करा. सत्तरचा एरवी किती किलोवर असतो? ७४ किलोचा मल्ल ७० त उतरवायचा म्हणून आदले दोन दिवस पाणी तोडलं, स्वेटर घालून पळवलं, तर चार किलो उतरतात खरे, पण त्यात मोठा भाग पाण्याचा असतो. गादीवरच्या (मॅटवरच्या) मोठ्या स्पर्धांत आता कुस्तीच्या दिवशीच सकाळी वजन होतं, त्यामुळे भरून काढायला वेळ मिळतो तो काही तासांचाच. असा मल्ल पहिली तीन मिनिटं बरा लढतो. दुसऱ्या तीन मिनिटांत त्याचे हात भरून येतात, दस्ती (समोरच्याच्या हाताची पकड) सुटते, पाय जड होतात. त्याची मागच्या महिनाभराची सकाळची वजनं लिहिलेली नसतील तर उद्यापासून लिहायला लागा.

मग झोप आणि खुराक. पहाटे चारला उठणारा पोरगा रात्री साडेअकराला झोपत असेल तर त्याच्याकडून दुसऱ्या फेरीची अपेक्षा करणं चूक आहे. रक्त तपासून हिमोग्लोबिन किती आहे ते एकदा बघून घ्या. कमी असेल तर दम लवकर जातो. इथंच तुमचं एक गृहीतकही तपासायला हवं. तो खचल्यामुळे उशिरा येतोय, असं तुम्ही धरून चालला आहात. त्याला विचारलंत का? दूध, तूप, बदाम, अंडी यांचा महिन्याचा खर्च पेलत नाही म्हणून रात्री कुठं कामाला जाणारी पोरं असतात, आणि हे सांगायला त्यांना लाज वाटते. ज्या मानधनासाठी अर्ज चाललाय त्याचीच गरज त्याला उशीर करायला लावत असेल, तर तुमचं ‘हळवा’ आणि वस्तादांचं ‘काळीज नाही’, दोन्ही सारखेच चुकीचे ठरतील.

जुनी दुखापतही बघा. गुडघा एकदा मुरगळलेला मल्ल त्या बाजूचा पाय पुढं टाकत नाही, हे त्याच्या स्वतःच्याही ध्यानात नसतं. खडाखडीत, म्हणजे उभ्यानं एकमेकांना जोखताना, तो कुठला पाय पुढं ठेवतो आणि पट कुठल्या बाजूनं काढतो, याची चार लढतींची मोजणी केली तरी उघड होतं.

माती आणि गादीचा फरक मात्र जरा सविस्तर सांगायला हवा, कारण कोल्हापूरसारख्या ठिकाणी सगळ्यात जास्त अन्याय इथंच होतो. तुम्ही लिहिलंय की सत्तरचा लहानपणापासून गावच्या मैदानात, मातीत लढला आणि गादीवर दोन वर्षांपूर्वी आला. मातीतली निकाली कुस्ती म्हणजे चितपट होईपर्यंतचं काम. तिथं पहिली दहा मिनिटं समोरच्याला जोखण्यात, त्याच्या मानेवर भार टाकून त्याला दमवण्यात घालवणं हे शहाणपण असतं. माती पाय धरून ठेवते, त्यामुळे धावून पट काढण्यापेक्षा कब्जा घेऊन, म्हणजे मागून पकडून, घिस्सा किंवा मोळी असा चित करायचा डाव लावणं सोपं जातं. गादीवर याच्या वयाच्या गटात तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. जो आक्रमण करत नाही त्याला पंच आधी ताकीद देतात, मग तीस सेकंदांचं घड्याळ लावतात, आणि तेवढ्यात त्यानं गुण घेतला नाही तर समोरच्याला एक गुण जातो. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच संपते. मातीत ‘संयमी’ ठरणारा मल्ल गादीवर ‘थंड’ दिसतो. पोरगं तेच, लढण्याची पद्धतही तीच. बदललं ते घड्याळ.

याच जिल्ह्याकडे बघा. नेमबाज स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये त्यानं कांस्यपदक घेतलं. तेजस्विनी सावंत २०१० साली ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेती झाली. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं. नेमबाजीच्या रेंजवर चेहरा न हलणं हा मोठा गुण आहे. असा चेहरा तांबड्या मातीत उभा राहिला की त्याला ‘बर्फ’ म्हणायचं? चेहऱ्यावरून काळीज मोजायची सवय आपल्याकडे फार जुनी आहे, आणि तिनं पुष्कळ चांगल्या पोरांचं नुकसान केलंय.

आणखी एक गोष्ट राहते. दोन गुणांनी मागं आहोत आणि चाळीस सेकंदं उरलीत, अशा वेळी काय करायचं हे त्याला कधी शिकवलंय का? आपल्या तालमींत डाव शिकवतात, ढाक, एकेरी पट, भारंदाज घोटून घेतात, पण गुणफलक बघून लढणं क्वचित शिकवतात. आठवड्यातून दोनदा, लढतीच्या शेवटी, मोबाइलवर चाळीस सेकंदांची वेळ लावा आणि सांगा: “तू दोन गुणांनी मागं आहेस.” चार वेळा तो, चार वेळा त्याचा जोड (त्याच्याशी लढणारा सोबती). तीन आठवड्यांत सहा सत्रं होतील. त्यातल्या शेवटच्या दोन सत्रांतही तो नुसता फिरतच राहिला, तर मग त्याच्या मनाबद्दल बोलायला काही आधार मिळेल. त्याआधी नाही.

आता एकसष्टचा. तुम्ही म्हणता त्याच्याबद्दल तक्रार नाही, आणि पट्टी बांधलेल्या खांद्याचं वाक्य कौतुकानं लिहून पुढं जाता. मला काळजी याच पोराची जास्त वाटते. ज्याला रोज सगळ्यांसमोर ‘जिगरबाज’ म्हटलं जातं, त्याला “वस्ताद, आज दुखतंय” म्हणायची सोय उरत नाही. म्हणलं तर नाव जातं. म्हणून तो पट्टी बांधतो. पट्टी बांधून लढला की आणखी शाबासकी मिळते, आणि दुखणं आणखी आत जातं. खांद्याचे स्नायू किंवा सांध्याची कड फाटलेली असताना ढाक मारत राहिलं तर वेळेवर विश्रांती आणि उपचारानं कदाचित भागलं असतं ते ऑपरेशनवर जाऊ शकतं. सत्तरच्याला शिवीनं त्रास होतोय, तो तुम्हाला दिसला. एकसष्टच्याला स्तुतीनं होतोय, तो दिसला नाही, कारण स्तुती कानाला गोड लागते.

‘रक्तातच कुस्ती’ या शब्दाचंही तसंच. तो पोरगा वर्षानुवर्षं पहाटे उठून जोर-बैठका मारतोय, आणि श्रेय मात्र रक्ताला जातं. उद्या तो सलग तीन कुस्त्या हरला तर त्यानं काय समजायचं? रक्त आटलं? १९९८ साली क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या दोघींनी पाचवीच्या वयाच्या मुलांवर प्रयोग केले होते. कोडी सोडवल्यावर काहींना ‘हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘छान मेहनत घेतलीस’ म्हटलं. मग सगळ्यांना अवघड कोडी दिली. त्यात अपयश आल्यावर हुशारीची स्तुती झालेली मुलं लवकर मागं सरली, त्यांचं कामही घसरलं, आणि आपले गुण दुसऱ्यांना सांगताना त्यांच्यातल्या जास्त मुलांनी ते वाढवून सांगितले. खांदा लपवणं हे गुण वाढवून सांगण्यासारखंच आहे.

पण यावरून ‘मेहनती आहे’ म्हणत सुटू नका. तालमीत ‘मेहनती’ हा शब्द बऱ्याचदा ज्याच्याकडे दुसरं काही नाही त्याच्यासाठी राखून ठेवलेला असतो, आणि पोरांना तो अर्थ बरोबर कळतो. शाबासकीत मेहनतीचं नाव घेण्यापेक्षा केलेल्या कामाचं नाव घ्या. “आज पट काढताना डोकं बाहेरच्या बाजूला ठेवलंस, म्हणून तो वर बसू शकला नाही.” यात पोराला उद्या पुन्हा करता येईल अशी एक गोष्ट हाती लागते. ‘वाघ हाय वाघ’ यात करण्यासारखं काही नसतं.

शाबासकीनं पोरं बिघडतात, हे वस्तादांचं म्हणणं निम्मं खरं आहे. अमेरिकेत जॉन वुडन नावाचे बास्केटबॉलचे प्रशिक्षक होते. त्यांच्या कॉलेज संघानं बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं घेतली. १९७४-७५ च्या हंगामात दोन अभ्यासकांनी त्यांच्या काही सरावांतलं प्रत्येक बोलणं टिपलं. २,००० हून अधिक नोंदींपैकी जवळपास निम्म्या साध्या सूचना होत्या: काय करायचं, कसं करायचं. नुसती शाबासकी शंभरात सातेक, आणि नुसतं रागावणंही जवळपास तेवढंच. म्हणजे मोठा प्रशिक्षक तोंडभर स्तुती करत नव्हता, पण नावंही ठेवत नव्हता, शिकवत होता. वस्तादांना हे पटेल, कारण जुन्या वस्तादांची रीतही हीच. कमी बोलायचं, पोराची मान हातानं धरून योग्य जागी ठेवायची.

मैदानातली स्तुती वेगळी, हेही पोरांना कधीतरी सांगा. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबागेत हलगी कडाडते, कुणी खिशातून नोट काढून मल्लाच्या हातात ठेवतो, ‘नाद खुळा’ म्हणून लोक ओरडतात. ते हवंच. तो उत्सव आहे, कोल्हापूरची कुस्ती त्यावरही जगली आहे. पण ती स्तुती निकालाची असते. तालमीत परत आल्यावरची शाबासकी कामाची असावी. जिंकलेल्या कुस्तीतली चूक आणि हरलेल्या कुस्तीतला चांगला डाव, दोन्ही तिथं बोलले गेले पाहिजेत.

आता वही. शंभर पानी साधी वही घ्या, दोघांसाठी निम्मी-निम्मी. येत्या दोन आठवड्यांत प्रत्येकाच्या सहा लढती टिपा: दोन बरोबरीच्या जोडाशी, दोन जड जोडाशी, दोन हलक्या जोडाशी. प्रत्येक लढतीला चार आकडे लिहायचे. पहिल्या तीन मिनिटांत स्वतःहून किती वेळा आक्रमण केलं. दुसऱ्या तीन मिनिटांत किती वेळा. गुण गेल्यावर स्वतःचा पुढचा प्रयत्न किती सेकंदांनी आला. आणि मागं असताना शेवटच्या मिनिटात किती प्रयत्न. यशस्वी झाले की नाही ते वेगळ्या रकान्यात, मोजायचे प्रयत्न. फक्त यश मोजलं तर समोरच्याचा चांगला बचावही तुमच्या पोराच्या नावावर उणा पडतो.

‘काळीज’ म्हणतात ते जर कुठं मोजता येण्याजवळ येत असेल, तर तिसऱ्या आकड्यात. चार गुण गेल्यावर आठ सेकंदांत पुन्हा दस्ती धरणारा आणि चाळीस सेकंदं मागं सरणारा, यांत फरक आहे. तो फरक दोन आठवडे टिकला, जोड बदलला तरी टिकला, तर तो लिहिण्याजोगा.

यात काय बिघडतं तेही सांगतो. लढत बघताना मोजणं जमत नाही. मोबाइल तिवईवर लावून चित्रित करा आणि रात्री मोजा. दोघांच्या लढती आठवड्याच्या एकाच दिवशी घ्या, नाहीतर एकाचा ताजा सोमवार आणि दुसऱ्याचा दमलेला शनिवार यांची तुलना होते. वही लपवू नका. लपवलेली वही तिसऱ्या दिवशी सगळ्या तालमीला माहीत होते आणि पोरं तुमच्यासाठी लढू लागतात. सरळ सांगा की मी दोघांच्याही लढती टिपतोय, काय टिपतोय ते या पानावर आहे. आणि निकाल कळल्यावर शेरा लिहायचा नाही. आकडे आधी, शेरा दुसऱ्या दिवशी.

शेऱ्याबद्दल एक जुनी गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. १९२० साली एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की लष्करातले अधिकारी हाताखालच्या लोकांची शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य यांची वेगवेगळी पारख करायला बसले तरी ते वेगळं मोजतच नाहीत. एका बाबतीत आवडलेला माणूस त्यांना सगळ्याच बाबतींत चांगला दिसतो. तुमच्या अर्जातही ‘क्षमता’ आणि ‘चारित्र्य’ एकाखाली एक आहेत. हे दोन भाग वेगवेगळ्या दिवशी लिहा. दोन्ही पोरांची क्षमता एका बैठकीत, दोन्ही पोरांचं चारित्र्य दुसऱ्या बैठकीत. एका पोराचं पूर्ण पान एका दमात लिहिलंत की वरच्या ओळींचा रंग खालच्या ओळींना लागतोच.

चारित्र्याच्या भागात काय लिहायचं? हरल्यावर रडला की नाही, हे तर नक्कीच नाही. कोपऱ्यात दहा मिनिटं एकटा बसणं हा दोष नाही आणि हसत हात मिळवणं हा मोठेपणाचा पुरावाही नाही. आखाड्याची माती उकरायची पाळी असते तेव्हा तो येतो का? पंधरा वर्षांच्या पोराशी लढत करताना त्याला पाडून मोकळा होतो की डाव लावू देतो? स्वतःचं खरं वजन सांगतो का? पंचांनी चुकून दिलेला निर्णय विरोधात गेल्यावर पुढच्या दहा सेकंदांत काय करतो? यातल्या प्रत्येक प्रश्नाला तारीख आणि प्रसंग जोडता येतो.

पोरांनाही विचारा, पण एकेकट्याला आणि एकच प्रश्न: “नवीन, अवघड डाव शिकायचा असेल तर जोड म्हणून कुणाला घेशील?” ज्याला ‘बर्फ’ म्हणून चिडवतात त्याचंच नाव चार जणांनी घेतलं, तर ते शिफारसपत्रातलं सगळ्यात वजनदार वाक्य होईल. सोबत्यांची खरी पारख टोपणनावात नसते, ती जोड निवडण्यात असते. अवघड डाव आपण अशाच माणसाशी शिकतो जो आपली मान मोडणार नाही.

वस्तादांशी बोलायचं ते पोरांदेखत नाही आणि ‘तुमचं चुकतंय’ म्हणून तर मुळीच नाही. संध्याकाळची मेहनत संपल्यावर, पोरं गेल्यावर जा. “वस्ताद, तुमच्या नजरेला काय दिसलं ते मला कागदावर मांडायचंय. कुठल्या कुस्तीत वाटलं तुम्हाला की हा मागं सरला?” असं विचारा. त्यांचा ‘काळीज’ हा शब्द हवेतला नसणार. चाळीस वर्षं आखाडा बघितलेल्या माणसानं काहीतरी नेमकं टिपलेलं असतं: मान आखडणं, श्वास तोंडानं सुरू होणं, नजर घड्याळाकडे जाणं. तो तपशील त्यांच्याकडून काढून घ्या, तुमच्या वहीतले आकडे त्यांच्यापुढं ठेवा आणि विचारा की या दोन्हींचा मेळ कसा घालू. शक्य असेल तर दोघंही आधी आपापली टिपणं वेगवेगळी लिहा आणि मग शेजारी ठेवा. आधी त्यांचं ऐकून मग तुम्ही लिहिलंत तर ते एकाच माणसाचं मत दोनदा लिहिल्यासारखं होईल. ते नाहीच म्हणाले, तर अर्जात स्पष्ट लिहा की मुख्य प्रशिक्षकांचं मत हे, सहायकाचं हे. मतभेद लपवून गुळगुळीत केलेलं पान अर्ज वाचणाऱ्यांच्या कामाचं नसतं. आणि स्वतःलाही एक प्रश्न विचारा: सत्तरच्याची बाजू तुम्ही त्याच्या कुस्तीमुळे घेताय की त्याची कीव येते म्हणून? कीव हाही एक शेराच आहे, आणि पोरांना तो शिवीपेक्षा लवकर कळतो.

लिहिलेलं पान कसं दिसेल, त्याचा नमुना देतो. आकडे तुमच्या वहीतले घाला:

“७० किलो गट. निरीक्षण दोन आठवडे, सहा सराव लढती. मातीतून गादीवर येऊन दोन वर्षं. कब्जा घेतल्यावर सुटू देत नाही. सहापैकी पाच लढतींत घिश्श्यानं गुण घेतले. पहिल्या फेरीत आक्रमणाचे प्रयत्न सरासरी सहा, दुसऱ्या फेरीत तीन. ही घट जड जोडाशी जास्त दिसते. मागे असताना शेवटच्या मिनिटात लढण्याचा सराव नुकताच सुरू केला आहे. पहिल्या सत्रात प्रयत्न शून्य, सहाव्या सत्रात तीन. लहान मल्ल डाव शिकताना याला जोड म्हणून मागतात. गेल्या दोन महिन्यांत तेरा वेळा उशीर. कारण विचारले आहे, ते घरच्या परिस्थितीशी संबंधित असून त्याच्या संमतीने स्वतंत्र कळवले आहे. पुढील सहा महिन्यांत काम करायच्या गोष्टी: दुसऱ्या फेरीतला दम, एकेरी पट डाव्या बाजूने.”

यात ‘गुणी’ नाही, ‘काळीज’ नाही, आणि पोराचे दोषही झाकलेले नाहीत. वाचणाऱ्याला कळतं की हा मुलगा कुठं उभा आहे आणि कुठल्या दिशेनं चाललाय. एकसष्टच्याचं पानही याच मापानं लिहा, त्याच्या खांद्यासकट. दुखापत लपवून मानधन मिळवून दिलंत तर सहा महिन्यांनी त्याचा जाब त्यालाच द्यावा लागेल.

पानावर तारीख घाला, आणि “हे मत या काळापुरतं” असं एक वाक्य. खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले. मातीत घडलेला मल्ल, गादीचा सराव तोकडा. त्या वेळी कुणी ‘मोठ्या मंचावर चालत नाही’ असा शेरा लिहिला असता तर तो त्या दिवसापुरता खोटाही ठरला नसता. चार वर्षांनी हेलसिंकीत बँटमवेटचं कांस्यपदक त्यांच्या गळ्यात होतं. तिथं जाण्यासाठी पैसे कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं होतं, हे कोल्हापुरात तुम्हाला वेगळं सांगायला नको.

हे सगळं कुस्तीपुरतं नाही. शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघातून फुटबॉल खेळणाऱ्या पोराला ‘डोक्यानं गरम’ म्हणून बसवून ठेवणाऱ्यांनीही आधी मोजावं की तो किती मिनिटांनी, कुणाच्या धक्क्यानंतर भडकतो. मुलींच्या कुस्तीत ‘पोरासारखी लढते’ ही स्तुती तर बंदच करा. ती मुलगी चांगली लढते तेव्हा तिच्या डावाचं नाव घ्या.

‘बर्फ’ हे नाव पोरांना दम देऊन जाणार नाही. तुम्ही स्वतः त्याला खऱ्या नावानं हाक मारा, आणि चाळीस सेकंदांच्या सरावात त्यानं जे बरोबर केलं ते सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, एका वाक्यात सांगा. चूक मात्र जवळ जाऊन सांगा.

वही सोमवारपासून सुरू करा. एकसष्टच्या खांद्यासाठी सोमवारची वाट पाहू नका. उद्या त्याला पट्टी सोडायला सांगा, दोन्ही हात कानाला लावून वर करायला सांगा, हात कुठं अडतो आणि चेहरा कुठं आवळतो ते बघा, आणि सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरांकडे स्वतः घेऊन जा. वाटेत त्याला एवढंच सांगा, की दुखतंय हे वेळेवर सांगणं तुमच्या वहीत त्याच्या बाजूनं लिहिलं जाईल. आणि ते खरोखर लिहा.